पंप गेला, त्याची कैफियत

सेवानिवृत्तीनंतरच्या सहाव्या वर्षी, उन्हाळ कांद्याच्या ऐन हंगामात, लासलगावच्या बाजार समितीच्या आवारातून आमच्या ड्रायव्हरने मला फोन केला आणि "भाऊसाहेब, पंप गेला" हे तीन शब्द उच्चारून तो ठेवून दिला. ज्या मनुष्याने आयुष्यातील बत्तीस वर्षे तहसील कचेरीत अर्ज, फेरफार आणि पंचनामे यांच्या सहवासात घालविली, त्याला हा मजकूर अपुरा वाटावा यात नवल नाही. कारण त्यात वेळ नव्हती, स्थळ नव्हते, पंचांच्या सह्या नव्हत्या, आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे कोणता पंप गेला याचा कसलाही खुलासा नव्हता. निफाड तालुक्यातील मध्यम ऐपतीच्या शेतकऱ्याच्या संसारात 'पंप' या एकाच नावाने वावरणारी किमान चार दैवते असतात. एक विहिरीवरचे, जे दिवसा वीज नसल्यामुळे आणि रात्री वीज असूनही चालत नाही. दुसरे द्राक्षबागेवर औषध फवारण्याचे, जे शेजाऱ्याने मागून नेलेले असते. तिसरे महामार्गावरचे, जेथे आपण जातो आणि आपले पैसे राहतात. आणि चौथे, ज्याचे अस्तित्व ते आहे तोवर कोणाच्याही ध्यानात येत नाही, असे डिझेल गाडीच्या बॉनेटखाली बसलेले. त्यातच 'जाणे' या क्रियापदाला आपल्या भाषेत बिघडणे, चोरीस जाणे, निघून जाणे आणि देवाघरी जाणे असे चार अर्थ असल्यामुळे एकंदर सोळा शक्यता संभवत होत्या, आणि आमच्या कुटुंबाने त्यांतल्या तीन तत्काळ स्वीकारल्या. सौभाग्यवती "अहो, आत्ताच तर पाणी चालू होतं" असे म्हणत विहिरीकडे निघाल्या, चिरंजीव महामार्गावरचा पंप बंद पडला असे समजून मोटारसायकलची टाकी भरून घेण्यास धावले, आणि पुतण्या फवारणीचा पंप चोरीस गेला या समजुतीने पोलीसपाटलांच्या घरी फिर्याद नोंदवून आला. त्या फिर्यादीत संशयित म्हणून त्याने आमच्या दोन शेजाऱ्यांची नावे दिली होती, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी, त्या शेजाऱ्यांकडूनच कळले.

गेला होता तो चौथा. हे निदान त्या दिवशी, त्या क्षणी, संपूर्णपणे बरोबर होते. परंतु ते ड्रायव्हरने केलेले होते आणि त्याकरिता त्याने एक पैसाही मागितलेला नव्हता, या दोन कारणांस्तव ते ग्राह्य धरण्यात आले नाही.

गाडीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून मी एक जुनी डिझेल पिकअप विकत घेतली, ती कांदा स्वतःच बाजारात नेला म्हणजे भाडे वाचेल या हिशेबाने. आणि भाडे वाचविण्याकरिता मी त्या गाडीवर आजवर जो खर्च केला, त्यात कांदा विमानाने गेला असता. विकणाऱ्या गृहस्थाने काट्यावरचे १,६२,००० किलोमीटर दाखवून "एका हातची आहे" अशी ग्वाही दिली होती. तो एक हात कोणाचा, हे मी विचारले नाही. महसूल खात्यात राहिलेल्या माणसाने सातबारा पाहिल्याशिवाय जमिनीकडे मान वळवून पाहू नये, परंतु वाहन पाहताच त्याचे भान सुटते, याचा मला त्या दिवशी प्रत्यय आला.

गाडीचा विकार मोठा चमत्कारिक होता. पहाटेच्या गारव्यात ती एका सेल्फमध्ये सुरू होई आणि गोठ्यातल्या वासरासारखी उड्या मारीत बाजाराला जाई. पण एकदा इंजिन तापले आणि कोणी चहापाण्याकरिता ते बंद केले, की पुन्हा सुरू होण्याचे नाव नको. अर्धा-पाऊण तास विसावा घेऊन, अंग निवाल्यावर, ती आपण होऊन शुद्धीवर येई. कचेरीतल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मधल्या सुट्टीनंतरचे वर्तन मी जवळून पाहिलेले असल्यामुळे मला यात आजारापेक्षा स्वभावाचा भाग अधिक दिसला आणि मी काही महिने तिकडे दुर्लक्ष केले. पुढे मात्र एका लिलावाच्या दिवशी गाडी बाजार समितीच्या फाटकातच निवत बसली, तिच्यामागे सुमारे चाळीस ट्रॅक्टर खोळंबले, आणि त्या चाळीस ट्रॅक्टरवाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, त्यात वारसनोंदीच्या दृष्टीने काही नवी माहितीही मिळाली. त्यानंतर तपास सुरू झाला.

प्रथम बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने गाडीकडे न पाहता, माझ्याकडे पाहून, "बॅटरी उतरलीय" असे सांगितले. नवी बॅटरी ६,२०० रुपयांना आली. तिच्यामुळे गाडी सुरू झाली नाही, पण न सुरू होण्याचा तिचा आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत झाला. मग इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सेल्फ ओढत नाही, भाऊसाहेब. बॅटरी तुम्ही उगाच बदलली." सेल्फची दुरुस्ती २,८०० रुपये. मग नोझलवाला म्हणाला, "सेल्फचा काय संबंध? नोझल मुतायला लागलेत." ही त्या व्यवसायातील पारिभाषिक संज्ञा असून, नोझलने डिझेलचे धुके फवारण्याऐवजी धार सोडली म्हणजे ती वापरतात, असा खुलासा त्यानेच केल्यामुळे मी ती येथे नमूद करीत आहे. चार नोझल, ४,००० रुपये. ज्या जिल्ह्यात सातपूरच्या कारखान्यातून इंजेक्टर आणि नोझल तयार होऊन देशभर जातात, ज्या शहराच्या एका चौकाला त्या कारखान्यावरून मायको सर्कल असे नाव पडले आहे, त्या जिल्ह्यात आपली गाडी नोझलवाचून अडून राहावी याची मला थोडी शरमच वाटली होती, म्हणून ते चारही मी घासाघीस न करता बदलले. शेवटी सौभाग्यवतींनी शनिवारी बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. हा सर्वांत स्वस्त उपचार, वीस रुपये; आणि त्याचा गुण बाकीच्या तिघांइतकाच आला.

या सर्व काळात ड्रायव्हर दर आठ दिवसांनी, जमिनीकडे पाहत, "भाऊसाहेब, पंप" एवढे म्हणे, आणि मी त्याला "तुझं काम गाडी चालवायचं" असे सांगून गप्प करी. तो निमूटपणे गाडीकडे जाई आणि ती चालत नसल्यामुळे परत येई.

मधल्या काळात, निदान पटत नसले तरी भीती शिरलेली असल्यामुळे, डिझेलचा पंप किती चालतो हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारू लागलो. आयुर्मर्यादेविषयीचा प्रश्न ज्योतिषाला विचारावा, पंपाविषयीचा कोणालाही विचारावा. उत्तर दोन्हीकडे सारख्याच आत्मविश्वासाने मिळते. ज्याने गाडी विकली तो म्हणाला, "पंपाला मरणच नाही." ज्याला जुने पंप विकत घ्यायचे होते तो म्हणाला, "लाखाच्या पुढे गेला तर देवाची कृपा." चहाच्या टपरीवर नित्य बसणाऱ्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याकडे सायकलही नाही, दोन लाख चाळीस हजार हा आकडा सांगितला आणि तो इतक्या नेमकेपणाने सांगितला की त्याला आधार असला पाहिजे असे मला चार दिवस वाटत राहिले. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध मेस्त्रींनी मात्र या विषयाचे सांगोपांग विवेचन केले. त्यांच्या मते जुना लाइन पंप म्हणजे चार भावांचे विभक्त कुटुंब. चार सिलिंडरना चार स्वतंत्र एलिमेंट, एक बिघडला तरी बाकीचे तिघे आपापली चूल चालवतात, शिवाय खाली कॅमला इंजिन ऑइलचे वंगण. त्यानंतर आला तो रोटरी पंप, म्हणजे एकत्र कुटुंब. एकच प्लंजर फिरता फिरता पुढेमागे सरकून चौघांना पाळीपाळीने वाढतो, आणि त्याला वंगण म्हणून वेगळे तेल नाही. जे डिझेल तो वाढतो, त्याच्याच ओलाव्यावर त्याचे अंग चालते. "म्हणजे वाढप्याने पंगतीतलंच तूप हाताला लावायचं," ते म्हणाले, "तूप चांगलं तर वाढपी चांगला." माझ्या गाडीत रोटरी पंप होता. तूप कसले मिळत होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

पंपाविषयी माझी खात्री पटली ती कसाऱ्याच्या घाटात. वाशीला कांदा उतरवून आम्ही परतत होतो. भर दुपारी घाट चढून गाडी वर आली, इगतपुरीच्या अलीकडे चहाची तल्लफ आली, आणि मी, सहा महिन्यांचा अनुभव गाठीस असताना, इंजिन बंद करण्याचा हुकूम सोडला. चहा संपला. सेल्फ फिरला, नवी बॅटरी गरजली, नवे नोझल आपल्या जागी शांत राहिले, लिंबू झुलले. गाडी मात्र ढिम्म. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा चालक, सोलापूरकडचा असावा, बराच वेळ हा सोहळा पाहत होता. तो खाली उतरला, बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, "फडकं हाय का? वल्लं करा आन् पंपावर टाका. ताप हाय त्याला."

गाडीत फडके नव्हते. होती ती फक्त माझी शाल. सेवानिवृत्तीच्या समारंभात तहसीलदारसाहेबांच्या हस्ते, श्रीफळासह, प्रदान करण्यात आलेली ही शाल पहाटेच्या थंडीकरिता मी आसनावर ठेवीत असे. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. मी घाटाकडे पाहिले. मग बत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचे ते प्रतीक पिण्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, ज्वर चढलेल्या बालकाच्या कपाळावर आई जशी घडी ठेवते, तशी आम्ही पंपावर ठेवली आणि वरून तांब्याने थोडे थोडे पाणी सोडीत राहिलो. याच सुमारास मुंबईहून शिर्डीला निघालेली एक बस शेजारी येऊन थांबली. उघड्या बॉनेटसमोर धोतर सावरून उभा असलेला एक वृद्ध गृहस्थ शाल पांघरलेल्या कोणत्यातरी वस्तूवर तांब्याने संथ धार धरून आहे, वर लिंबू टांगलेले आहे, हे दृश्य पाहून बसमधील काही भगिनींनी हात जोडले, आणि एका वयस्कर बाईंनी तर खाली उतरून बंपरवर दोन रुपये ठेवले. दहा मिनिटांनी सेल्फ मारताच गाडी हुंकार देऊन सुरू झाली. बसमध्ये जयघोष झाला. ते दोन रुपये मी जमेस धरले नाहीत, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

त्यानंतर दीड महिना शाल हेच औषध. ती नित्य डॅशबोर्डवर, ओलसर स्थितीत, हाताशी असे. आणि शालीचा खर्च शून्य असल्यामुळे हाच उपाय कायम ठेवावा, असे माझे प्रामाणिक मत बनत चालले होते. पण एक दिवस शालीलाही गुण येईना, आणि द्वारका चौकाच्या पलीकडे असलेल्या एका पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दारात दुसऱ्या गाडीने ओढत नेऊन आम्ही रुग्णास दाखल केले.

त्या दुकानाची आतली खोली पाहून मी चकित झालो. बाहेर गॅरेजचा नेहमीचा काळा चिखल, आणि आत गाभारा. दाराशी चपला काढायच्या, पंखा बंद, खिडक्या बंद, टेबलावर स्वच्छ कापड, आणि त्यावर न्हाऊमाखू घातल्यासारखे लखलखीत सुटे भाग मांडलेले. मी शिंकलो तेव्हा कारागिराने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तसे सोवळ्यातल्या माझ्या आजीनेही कधी पाहिले नव्हते. त्याने खुलासा केला की प्लंजर आणि त्याचे घर यांच्यामधली फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा वीस-पंचवीस फटी सहज मावतील. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, आणि एकीतला प्लंजर दुसरीच्या घरात नांदत नाही. "लग्न लावूनच बाहेर पडतात," तो म्हणाला, "घटस्फोट झाला तर दोघंही भंगारात."

मग फट वाढली की काय होते, हे त्याने मला काकवी आणि ताक यांच्या दृष्टान्ताने समजाविले. गार डिझेल काकवीसारखे किंचित घट्ट, म्हणून झिजलेल्या फटीतूनही दाब टिकतो. इंजिन तापले की तेच ताकासारखे पातळ होऊन फटीतून मागे निसटते, सेल्फच्या संथ गतीवर पुरेसा दाब चढत नाही, आणि नोझल उघडतच नाही. एकदा चालू झाली की वेगामुळे भागते. "म्हणून शाल," मी म्हणालो. "म्हणून शाल," तो म्हणाला, "पण तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी ओतलं तर आतलं जाम होतं, भाऊसाहेब. तुमचं नशीब." माझ्या नशिबाला कोणी चांगले म्हणण्याचा हा अलीकडच्या काळातील एकमेव प्रसंग.

पंप खोलला जात असताना मला बाहेरच्या बाकावर बसविण्यात आले, आणि हाताला काम नसलेला कारकून जे करतो ते मी केले; खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिळून ४,००० वेळा डिझेल वाढावे लागते. तासाला झाले २,४०,०००. ताशी चाळीसच्या सरासरीने तीन लाख किलोमीटर जायला साडेसात हजार तास लागतात. म्हणजे एकूण १८० कोटी वेळा. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने माणसाच्या हृदयाला इतके ठोके पुरे करायला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे लागतात, आणि हृदयाला तरी घाट चढताना मालकाची सहानुभूती असते. लिटरला बारा किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर एका वेळी वाढायचे डिझेल भरते पाण्याच्या थेंबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे. एका थेंबाचे असे वाटे करून, चौघांना समसमान, वेळेच्या ठोक्याला, १८० कोटी वेळा, आणि ओरड न होता! आमच्या पुरवठा शाखेला महिन्यातून एकदा, लिटरच्या मापाने, हे साधले नव्हते.

या यंत्राला ज्याचे नाव आहे त्या रुडॉल्फ डीझेलला हा पंप ठाऊकच नव्हता, ही मौजेची गोष्ट. त्याने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, १८९७ साली ऑग्सबुर्गला इंजिन यशस्वी चालवून दाखविले, पण इंधन आत ढकलायला त्याला दाबलेल्या हवेचा फुत्कार लागे, आणि ती हवा दाबणारे धूड इतके मोठे असे की इंजिन गाडीत बसविण्यापेक्षा गाडी इंजिनात बसविणे सोपे गेले असते. तो बिचारा डोक्यावर कर्ज असताना १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. पंपाचे काम रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टमधील कंपनीने १९२२ साली हाती घेतले आणि १९२७ साली पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. १९५१ साली ती विद्या मायकोच्या रूपाने बंगळूरला आली, पुढे नाशिकला, आणि अखेर द्वारका चौकापलीकडच्या त्या टेबलावर माझ्या पंपाच्या रूपाने उताणी पडली.

कारागिराने मला आत बोलाविले. आणि मग जे घडले ते माझ्या सेवाकाळातील सर्व प्रसंगांहून वेगळे होते, कारण जबाब घेणारा तो होता आणि देणारा मी.

"फिल्टर कधी बदलला?"

"वेळेवर," मी म्हणालो. ड्रायव्हर खोकला. फिल्टर बदलला नव्हता; तो काढून, रॉकेलमध्ये धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा बसविण्याची पद्धत मी घालून दिली होती आणि तिचा मला अभिमान होता.

"पाणी काढता का खालचं? नटाखालून?"

"कसलं पाणी?"

"टाकीतलं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या थंडीत आतल्या हवेचं दव धरतं. निफाडची थंडी तुमची. पारा चार-पाचावर येतो. ते पाणी खाली बसतं, पंपात जातं, गंज धरतो. टाकी भरलेली ठेवता ना?"

येथे माझ्या एका तत्त्वाचा उल्लेख अपरिहार्य आहे. टाकी पूर्ण भरली की गाडी जड होते, जड झाली की ॲव्हरेज पडते, सबब दोनशे-तीनशे रुपयांचेच डिझेल घालावे आणि काटा तांबड्या रेषेखाली येईतो चालवावी. शिवाय पुढच्या पंपावर भाव पाच पैशांनी कमी असण्याची शक्यता असते. या तत्त्वापायी गाडी तीनदा भर रस्त्यात कोरडी पडली होती आणि दर वेळी ड्रायव्हरने पुढच्या बाजूला हात घालून, घाम गाळून, एअर काढली होती.

"भरलेली," मी म्हणालो.

"कोरडी पडली कधी?"

"छे."

कारागीर काही बोलला नाही. त्याने चिमट्याने प्लंजर उचलला आणि दिव्याखाली धरला. त्यावर, मी नजर चोरली तरी दिसतील असे, उभे ओरखडे होते. आणि पंपाच्या पोटात विहिरीच्या पायरीवर असतो तसा तांबूस गंज. "कोरडा चाललाय," तो म्हणाला, "वंगण नाही, टाकीच्या तळाचा गाळ ओढलाय. आणि हे," त्याने एक बोट लावून वास घेतला, "हे रॉकेल बोलतंय. रॉकेलला ओशटपणा नसतो. कुठलं डिझेल घालता?"

आता हा प्रश्न असा होता की त्याचे खरे उत्तर देण्यापेक्षा मी राजीनामा देणे पसंत केले असते, परंतु मी आधीच निवृत्त होतो. मागच्या वर्षी एका इसमाने पिंपात भरलेले, लिटरमागे आठ रुपयांनी स्वस्त असे डिझेल मला देऊ केले होते. त्याला किंचित निळसर छटा होती. रेशनच्या रॉकेलमध्ये निळा रंग घालतात तो कोणी ते डिझेलमध्ये मिसळू नये आणि मिसळल्यास ओळखू यावे म्हणून, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणणे कठीण आहे. कारण पुरवठा शाखेत असताना अशाच निळ्या पिंपांचे अकरा पंचनामे मी स्वहस्ते लिहिले होते, आणि "सदर द्रव निळसर दिसत असून" हे वाक्य तर तालुक्यात माझ्याच नावावर जमा आहे. पिंप पाहिले तेव्हा मी आभाळाचे प्रतिबिंब पडले असावे, असा निष्कर्ष काढला होता.

"चांगलं घालतो," मी म्हणालो. त्या दिवशी मला प्रथमच, माझ्यापुढे उभे राहून खोटे जबाब देणाऱ्या शेकडो पक्षकारांविषयी बंधुभाव वाटला.

दुरुस्तीचे १८,५०० रुपये झाले. नवी जोडी बसली, ऑइल सील, रबरे बदलली, पंप टेस्ट बेंचवर चढला आणि समोरच्या काचेच्या नळ्यांत डिझेल उतरू लागले. चारही नळ्यांतली पातळी अशी एका रेघेत आली की मला भरून आले. एवढी समान वाटणी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि मी वाटणीपत्रकेच लिहीत आलो होतो.

"गॅरंटी?" मी विचारले.

"पंपाची आहे, भाऊसाहेब. मालकाची नाही देत आम्ही."

"बरं, किती चालेल?"

त्याने हात पुसले. "फिल्टर नवा घाला, धुऊ नका. पाणी काढा. काटा पावाखाली जाऊ देऊ नका. तीन लाखाच्या पुढंही जाईल." मग ड्रायव्हरकडे वळून त्याने विचारले, "पंपच गेलाय हे कोणी ओळखलं?" ड्रायव्हरने जमिनीकडे पाहिले. "आम्ही," मी म्हणालो.

संध्याकाळी परतताना आमचे एक शेजारी, ज्यांचे नाव पूर्वी फिर्यादीत आले होते त्यांपैकीच, केबिनमध्ये सोबत होते. त्यांनी नुकतीच नवी पिकअप घेतली आहे, एप्रिल २०२० नंतरची, बीएस सहाची. त्यामुळे ते पंपाविषयी बोलताना आवाज खाली आणून, घरातल्या नव्या सुनेविषयी बोलावे तसे बोलत होते. त्यांच्या गाडीत कॉमन रेल आहे आणि दाब सोळाशे बारच्या घरात जातो, हे त्यांना विक्रेत्याने सांगितले होते. सोळाशे बार म्हणजे काय हे त्याने सांगितले नव्हते. मी, अर्ध्या दिवसाच्या विद्वत्तेवर, सांगितले की कळसूबाईएवढे उंच दहा डोंगर पाण्याचे करून एकावर एक रचले तर तळाशी जेवढा दाब पडेल तेवढा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि डिझेलातलं गंधक आता पार काढलं म्हणतात. चांगलंच ना ते?" मी म्हणालो, धुराला चांगलं, पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा ओशटपणाही जातो, तो मग वरून औषध घालून परत आणावा लागतो. "म्हणजे साय काढायची आणि वरून तूप सोडायचं," ते म्हणाले. मी मान डोलावली.

"बरं, भाऊसाहेब, पंप किती चालतो हो असा?"

अंधार पडत होता. मी क्षणभर थांबलो, घसा साफ केला आणि टपरीवरच्या त्या गृहस्थांच्या चालीत म्हणालो, "साडेतीन लाख. फिल्टर वेळेवर बदलायचा, पाणी काढायचं, आणि टाकी कधी पावाखाली न्यायची नाही. लोक ऐकत नाहीत."

शेजाऱ्यांनी हे मनावर घेतले असावे, कारण ते पुटपुटत पाठ करू लागले. नाशिकची वस्ती मागे पडली होती. डाव्या हाताला एक पेट्रोल पंप येऊ लागला, दिवे लागलेले, गर्दी नाही. ड्रायव्हरने गाडी किंचित हळू केली, काट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"भाऊसाहेब, काटा..."

"चांदोरीला भरू," मी म्हणालो, आणि मांडीवरची शाल नीट घडी करून पुन्हा डॅशबोर्डवर ठेवली.